मूळ प्रत दुकानात पाहायला मिळेल

माझा नवरा गेला तेव्हा त्याने माझ्यासाठी लंडनात सेंट पॉलच्या देवळामागचं पुस्तकांचं दुकान ठेवलं, आणि कुणावरही विश्वास ठेवू नये ही शिकवण ठेवली. दुकान कधी चालतं, कधी नाही. शिकवण मात्र रोज उपयोगी पडते. कागदवाला ओला कागद चांगल्या थराखाली दडवतो, छापखान्यातली माणसं चोरून जास्त प्रती छापतात आणि परस्पर विकतात, आणि लेखकांबद्दल तर बोलायलाच नको. शेजारच्या गल्लीत स्क्रोप नावाचा एक पुस्तकविक्या आहे. माझं पुस्तक जरा खपायला लागलं की तो तेच पुस्तक भिकार कागदावर छापून निम्म्या किमतीला विकतो, आणि रविवारी देवळात माझ्याच पुढच्या बाकावर बसून मोठमोठ्याने प्रार्थना म्हणतो. म्हणून सप्टेंबरात ती हंसवाली बाई दुकानात शिरली तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव स्क्रोपचं आलं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तरी तेच आलं असतं.

त्या साली माझं ‘ल्युसिंडा वेअर हिचं खरं चरित्र’ गाजत होतं. नावाखाली छापलं होतं, ‘तिनं स्वतः लिहिलेलं’. आता या धंद्यात उघड गुपित असं की रचलेली गोष्ट कुणाला नको असते. रचलेली गोष्ट वाचली तर वेळ वाया गेला आणि वर पापही लागलं. पण खऱ्या बाईची खरी पापं वाचली तर तो बोध! त्यामुळे सगळेच ‘खरं, खरं’ म्हणून छापतात. कुणी म्हणतं कागद जुन्या पेटीत सापडले, कुणी म्हणतं मरणाऱ्या खलाशाने हातात दिले. मी एक पाऊल पुढे गेले. प्रस्तावनेच्या शेवटी मी छापलं, ‘ज्याला शंका असेल त्याला बाईंच्या हातची मूळ प्रत दुकानात पाहायला मिळेल.’ एवढं वाचलं की शंका असलेला माणूस गप्प बसतो. उठून बघायला कुणी येत नाही. निदान तोवर कुणी आलं नव्हतं.

पुस्तक लिहिलं होतं जास्पर पिनॉक यांनी. चाळिशी ओलांडलेले, बायको नाही, ऑक्सफर्डची पायरी चढले पण वर पोचले नाहीत, आणि डोक्यावरचा केसांचा टोप महिन्यातले पंधरा दिवस गहाण. ल्युसिंडा म्हणजे पाणथळ मुलखातली हंस पाळणाऱ्याची पोर. जमीनदाराच्या मुलाबरोबर पळते, तो तिला टाकतो, मग ती बाथ गावी एका तोतया सरदारणीची सोबतीण होते, कप्तानाशी लग्न करते, त्याला चाचे धरून नेतात, आणि सरतेशेवटी पश्चात्ताप होऊन ती हॉलंडात लीडन गावी लेसचं दुकान घालून अब्रूने राहते. हे सगळं ठीकच होतं. पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते पहिलं प्रकरण. ल्युसिंडाच्या घरच्या बारा हंसांना येशूच्या बारा शिष्यांची नावं असतात, आणि मायकेलमसच्या सणाला, म्हणजे सप्टेंबरअखेर घरोघरी हंस खातात त्या दिवशी, सुरी पहिली फिरते ती दगाबाज जुडासच्या मानेवर. कॉफीच्या दुकानांत लोक हे एकमेकांना सांगून टेबलं बडवत होते.

तर ती बाई आली. सणासाठी लिंकनशरहून हंसांचे कळप पायी येतात, त्यांच्याबरोबर ती आली होती. वासावरूनच कळलं. साठीची, रुंद हाडाची, घोट्यापर्यंत चिखल. हंसांचे पाय वाटेत झिजू नयेत म्हणून त्यांना डांबरातून चालवतात, ते डांबर तिच्याही जोड्यांना चिकटलेलं. तिने पुस्तकांच्या चळतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, दोन्ही सारख्याच संशयाने.

“ते हंसांचं पुस्तक हितंच मिळतं न्हवं?”

“ल्युसिंडा वेअर. कातडी बांधणीचं हवं की साधं?”

“घ्यायचं न्हाई. मला वाचता येत न्हाई.”

“मग इथे काय काम आहे?”

“मूळ परत बघायची हाय. हितं बघायला मिळंल असं त्यात लिवलंय. आमच्या पाद्रीनबाईनं वाचून दाखवलं.”

अक्षरशत्रू बाई, आणि हस्तलिखित बघायला लिंकनशरहून चालत आली! कुठे पाणी मुरतंय हे कळायला ऑक्सफर्डला जावं लागत नाही. स्क्रोपलाच सुचेल असलं. मूळ प्रत नाही हे चारचौघांत उघडं करायचं, मग वर्तमानपत्रात छापायचं, आणि माझी उरलेली आवृत्ती पाववाल्याच्या भट्टीत. आणि माणूस तरी कसा निवडला! हिला पाहून कुणाला वाटणार नाही की ही पढवलेली आहे.

“कुणी पाठवलं तुम्हांला?”

“कुनी न्हाई. पाय हायेत की मला.”

“नाव?”

“युनिस थर्लबी. तुमचं?”

माझं नाव विचारायची हिंमत माझ्या दुकानात आजवर कुणी केली नव्हती. “मर्सी क्विल्टर,” मी म्हणाले. “प्रत आत्ता इथे नाही. बांधायला दिली आहे. गुरुवारी या.”

“येते की,” ती म्हणाली, आणि समोर मासळी भरलेल्या गरम करंज्या विकणाऱ्या बाईच्या पायरीवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिथेच होती. माझ्या दुकानात कोण येतं, कोण जातं, एकेकाचं तोंड न्याहाळत होती. हेर असावा तर असा.

मूळ प्रत म्हणजे पिनॉकच्या हातचे कागद. ते छापखान्यातून शाईने बरबटून परत आले होते, आणि त्याच समोरच्या मासळीवालीने ते तिच्या भांड्यांच्या तळाशी घालायला नेले होते. ल्युसिंडाचं अर्धं आयुष्य लंडनने मासळीबरोबर खाल्लं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पिनॉकना बोलावून घेतलं, मागच्या खोलीत बसवलं, समोर दौत ठेवली.

“तीन पानं लिहा. बाईच्या हातची वाटली पाहिजेत. अक्षर जरा कापरं, मधे कुठे डाग, म्हणजे रडता रडता लिहिल्यासारखं.”

“मालकीणबाई, ही फसवणूक आहे हो.”

“आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे ते काय? बायबल?”

“ते साहित्य आहे.”

“साहित्य तर साहित्य. लिहा मुकाट्याने.”

ते लिहायला बसले. मी बोलता बोलता सांगितलं की स्क्रोपने लिंकनशरची एक हंसवाली पाठवली आहे आणि तिचा खोटेपणा मी गुरुवारी तिच्याच घशात घालणार आहे. पिनॉकच्या लेखणीतून शाईचा एक मोठा थेंब कागदावर पडला.

“कुठली म्हणालात?”

“लिंकनशर. का?”

“काही नाही. डाग हवा होता ना तुम्हांला?”

डाग हवा होता हे खरं. पण त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि खोलीत विस्तव नव्हता. माझा संशय एका जागी कधी बसत नाही, तो तेव्हाच स्क्रोपवरून उठून पिनॉकच्या खांद्यावर येऊन बसला. मूळ प्रत मासळीवालीकडे गेली हे जगात तिघांनाच ठाऊक होतं. मी काही स्क्रोपला सांगितलं नव्हतं. मासळीवालीला वाचता येत नाही. मग उरलं कोण?

“पिनॉक,” मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुम्ही हंस कुठे पाहिलेत हो?”

“ताटात.”

“मग ती शिष्यांच्या नावांची गंमत कुठून सुचली?”

“सुचतं माणसाला,” ते म्हणाले, आणि मान खाली घालून भराभर लिहू लागले. एरवी यांना काही सुचलं तर ते कसं सुचलं हे अर्धा तास ऐकावं लागतं.

बुधवारी मी दारात उभी राहून रस्त्याच्या कोपऱ्यावर नजर ठेवली. पिनॉक आले. पायरीवरच्या त्या म्हातारीकडे त्यांनी एकदा पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि आल्या पावली मागे फिरले. दुकानात आलेच नाहीत. झालं, माझी खात्रीच पटली. स्क्रोपने त्यांना किती पैसे दिले असतील याचा मी रात्रभर विचार केला, आणि मला राग याचा आला की मी जरा चांगलं वागवलं असतं तर हे झालं नसतं. पण तो राग फार वेळ टिकला नाही.

गुरुवारी मी पिनॉकना मुद्दाम टेबलाच्या मागे माझ्याशेजारी उभं केलं. दोघांची नजरानजर झाली की चोरी हातोहात पकडायची. तीनही पानं मी धुराने पिवळी करून, घड्या घालून, रेशमी फितीने बांधली होती. माझ्याच हातचं काम, पण पाहताना मलाही भरून आलं.

युनिस थर्लबी आली. हात ॲप्रनला पुसले, दोन्ही बाजूंनी. मग पानं घेतली. उलटी धरली होती, तिला त्याचा पत्ता नव्हता. तिने एक ओळ बोटाने चाचपली, कागदाचा वास घेतला.

“ह्ये माझ्या पोरीनं लिवलं?”

“तुमच्या पोरीने?”

“टॅबिथा. टॅबी म्हनायचो. धा वर्सं झाली जाऊन. ती हंसांची नावं आमच्या घरातली हायेत. पीटर लंगडा व्हता, थॉमस चावायचा. पुस्तकात समदं बराबर हाय. दुसऱ्या कुनाला ठावं असायचं कारन न्हाई.”

मी पिनॉककडे पाहिलं नाही, कारण त्या क्षणी मला दुसरंच दिसत होतं. आई! ल्युसिंडाची सख्खी आई, लिंकनशरहून चालत आलेली, सगळ्या लंडनसमोर म्हणते की हे माझ्याच पोरीचं! स्क्रोपने दहा जन्म घेतले तरी त्याला असा पुरावा मिळणार नाही. ही स्क्रोपची नसेलही, असली तरी आता माझ्या कामाची होती. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“हो बाई,” मी म्हणाले. “तिच्याच हातचं आहे. रडत रडत लिहिलंय पोरीने, हा बघा डाग.”

तिने डाग पाहिला. पानं शांतपणे टेबलावर ठेवली.

“टॅबीला स्वताचं नावबी लिवता येत न्हवतं,” ती म्हणाली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही हातातली पुस्तकं खाली ठेवली. मी आयुष्यात पुष्कळांना खोट्यात पकडलं आहे. पकडलं गेल्यावर कानाच्या पाळ्या एवढ्या तापतात हे मला माहीत नव्हतं.

“नंतर शिकली असेल—”

“पुरं कर!” आतापर्यंतचं ‘तुम्ही’ संपलं. “कुठं हाय माझी पोर? तिच्या तोंडून ऐकल्याबिगार तुला हंस कुठनं ठावं? वर डांबून ठेवलीस? का जहाजावर चढवून दर्यापारच्या मळेवाल्यास्नी विकलीस? मी तीन दिस त्या पायरीवर बसून बघतेय. हितं येतं त्यो परत्येक मानूस चोरावानी येतो. शिपायाला बोलावते आन् तुझं समदं घर झाडून घेते, बघ!”

“अहो, हळू—”

“हळू कशापायी? माझं काय लपवायचं हाय?”

तिचा आवाज हंसांच्या कळपावर चालणारा आवाज होता. दारात माणसं जमली. त्यात स्क्रोपचा नोकर मला स्पष्ट दिसला. मी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, दाराला कडी लावली, आणि वळून पिनॉकवर तुटून पडले. “तुम्ही बोला आता! कुणाकडून चोरलंत हे? तोंडात काय धरलंय?”

पिनॉकनी डोक्यावरचा टोप काढला. का काढला कोण जाणे. टोपाशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

“आई,” ते तिला म्हणाले, “टॅबी वारली. गेल्या फेब्रुवारीत.”

मग त्यांनी सांगितलं. ग्रब स्ट्रीटला ते माडीवर राहतात, त्यांच्या खालच्या खोलीत एक बाई राहायची. मोठ्या लोकांच्या कपड्यांच्या झालरी धुऊन, खळ घालून, इस्त्री करून द्यायची. छातीचं दुखणं होतं. पिनॉक रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसत, आणि ते काही तिच्या कळवळ्याने नाही, इस्त्रीसाठी तिच्याकडे विस्तव पेटलेला असायचा म्हणून. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. ती काम करता करता बोलायची. हंसांबद्दल बोलायची. मग काम होईना झालं, तरी बोलायची. ती गेल्यावर धर्मादाय खड्ड्यात पुरली, आणि मार्चमध्ये मी पिनॉकना म्हणाले की एक पश्चात्तापवालं खरं चरित्र लिहून द्या.

“लहानपण तिचं घेतलं. बाकी मी रचलं,” ते म्हणाले.

“हे मला परवाच का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“धीर झाला नाही. बुधवारी सांगायलाच आलो होतो. यांना पायरीवर बसलेलं पाहिलं. टॅबीही अशीच बसायची, गुडघ्यांवर मुठी ठेवून.”

म्हातारी ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. मला वाटलं आता कोसळेल. मी खुर्ची पुढे केली. तिने पायाने बाजूला सारली.

“छापलंय काय? ती हॉलंडात हाय. लेसचं दुकान हाय. आन् आता म्हनता मेली.”

“ते रचलेलं आहे, बाई,” मी म्हणाले.

“मग ह्येबी रचलेलं आसंल. त्येनंच रचलं न्हवं? त्येचा धंदाच हाय त्यो. मी शिपाई म्हनले तशी लगेच मेली व्हय ती? हॉलंडचं जहाज कुठनं सुटतं तेवढं सांगा. मी माझी जाते.”

ती खरंच जाणार होती. ते पाहून मला भीती वाटली. ही बाई त्या डांबरलेल्या जोड्यांनी धक्क्यावर जाणार, कुणीतरी तिला जहाजावर घेणार, आणि लीडन गावात ही दारोदार फिरून इंग्रजीत विचारणार की माझी टॅबी कुठे आहे. आणि ते गाव पिनॉकनी का निवडलं होतं? त्यांना हॉलंडातल्या दुसऱ्या गावाचं नाव त्या वेळी आठवलं नाही म्हणून.

“अहो, मी शपथ घेते! हे खरं सांगताहेत. यांना इतकं चांगलं खोटं बोलता येत नाही.”

“तुझी शपथ?” ती हसली. “मघाशी तू मला डाग दाखवलास.”

मी सगळ्या जगाला छापून सांगितलं होतं की हे खरं आहे, आणि ते जगाने घेतलं. आता तोंडाने सांगत होते की खोटं आहे, तर एक म्हातारी ऐकेना. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात जन्मभर होतं. पण चोर खरं बोलायला लागला तर त्याने काय करावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ती दाराकडे गेली. कडीला हात घातला आणि थांबली.

“येक सांग,” ती पिनॉकना म्हणाली, माझ्याकडे पाठ करून. “जमीनदाराच्या पोराबरूबर पळाली ते तू घातलंस. आमच्या जमीनदाराला पोरगाच न्हाई. ते मला तवाच कळलं. पर शेवटाला ती म्हनती, ‘आईला मी मनापासून क्षमा केली, तिनंही मला करावी.’ पाद्रीनबाई वाचत व्हती तवा समद्या बाया रडल्या. शेजारीन माझा हात धरून रडली. मी रडले न्हाई. मला तितंच खोटेपनाचा वास आला. टॅबी आसं बोलायची न्हाई. तिनं कंदी मांजरालाबी माफ केलं न्हाई.”

ते वाक्य मी घालायला लावलं होतं. पिनॉकनी पुस्तक आणून दिलं तेव्हा मीच म्हणाले होते, शेवटी आईला क्षमा घाला, नाहीतर पाद्र्यांच्या बायका विकत घेणार नाहीत. आज चौथी आवृत्ती चालू आहे, त्यातही ते वाक्य आहे. लोक त्यासाठीच घेतात.

“तुला ती खरंच भेटली आसंल,” म्हातारी म्हणाली, “तर सांग. माझ्याबद्दल काय म्हनायची?”

पिनॉकनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खूण केली, सांगा काहीतरी गोड, बिचारीला तेवढंच घेऊन जाऊ दे. मला वाटलं मी फार दयाळूपणा करते आहे.

“ती तुमची फार आठवण काढायची,” पिनॉक म्हणाले. “म्हणायची, आईसारखं दैवत—”

“ह्ये पुस्तकातलं झालं,” ती म्हणाली, आणि कडी काढली.

“थांबा!” पिनॉक ओरडले. ते कधी ओरडत नाहीत. “नाही काढायची ती तुमची आठवण. शिव्या द्यायची. म्हणायची, माझी आई माणूस नव्हे. सायीच्या एका मातीच्या बुडकुल्यापायी तिने मला चुलीच्या लाकडाने मारलं आणि भर पावसात घराबाहेर काढलं. आणि ते बुडकुलं मी फोडलंच नव्हतं म्हणायची. मी नुसतं उचललं, तर ते हातात दुभंगलं. आधीच तडकलेलं होतं. रोज म्हणायची. ताप डोक्यात गेला तेव्हा बाकी सगळं विसरली, माझं नाव विसरली, पण हे म्हणायची. ‘ते तडकलेलं होतं. तुला सांगते, ते आधीच तडकलेलं होतं.’”

मी पिनॉकना थोबाडीत देणार होते. एका आईला असं सांगतात? पण म्हातारीने कडीवरचा हात काढला होता. ती मागे आली आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसली, गुडघ्यांवर मुठी ठेवून.

“शेवटपातुर ह्येच म्हनत व्हती?”

“शेवटच्या दिवशीसुद्धा.”

“टॅबीच ती,” ती म्हणाली. “माझीच पोर ती.”

तिचा चेहरा आता कुठे हलला. मी पाहिला नसता तर बरं झालं असतं. हॉलंडचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. बाहेर रस्त्यावरून एक कळप चालला होता, सणासाठी, आणि त्याच्या कलकलाटात ती काय पुटपुटली ते आधी मला नीट ऐकू आलं नाही. कळप पुढे गेल्यावर ती तेच पुन्हा म्हणाली, आम्हांला नाही, समोरच्या भिंतीला.

“व्हतं. तडकलेलंच व्हतं. सकाळी म्याच आपटलं व्हतं. सासूच्या भ्यानं बोलले न्हाई.”

मी जन्मभर प्रत्येकाच्या शब्दावर संशय घेतला आहे, आणि त्या बाईच्या या शब्दावर मला तो घेता आला नाही. घ्यावासा फार वाटत होता.

मग तिने पिनॉकना हाताने जवळ बोलावलं. “परत सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“त्येच. ती जसं म्हनायची तसं म्हन. तिच्या तोंडचं हाय ते.”

पिनॉक तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. लाकूड, पाऊस, बुडकुलं, सगळं, शिव्यांसकट. ती मान हलवत ऐकत होती. संपलं की म्हणायची, आणिक येकदा.